पावसाळ्यात आर्केड बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो: सुकवायच्या आधी मोजा

लक्षण नेहमीचंच आहे. जुन्या आर्केड गेमचा, म्हणजे पार्लरमधल्या उभ्या कॅबिनेटच्या व्हिडिओ गेमचा, बोर्ड दिवाळीपासून मे अखेरपर्यंत बिनतक्रार चालतो. आगोट लागली, मृगाच्या चार सरी पडल्या, की सकाळी कॅबिनेट चालू केल्यावर पडद्यावर चौकटी, तुटकी अक्षरं किंवा उभे पट्टे येतात. कधी गेम सुरू होतो आणि सेकंदा-दोन सेकंदांत परत पहिल्यापासून सुरू होतो. मग मालक बोर्ड बाहेर काढून पंख्याखाली ठेवतो, हेअर ड्रायर मारतो, आणि बोर्ड चालायला लागतो. चार दिवसांनी परत तेच. मालवण, देवगड, वेंगुर्ला, गुहागर, हर्णै, कुठेही जा. किनाऱ्याजवळच्या होमस्टेच्या पडवीत असो, नाहीतर एखाद्याने हौसेने घरी जपलेल्या कॅबिनेटात असो, तक्रार हीच. आणि माझ्याकडे बोर्ड येईपर्यंत बहुतेक वेळा कुणीतरी त्यातले दोन-तीन आयसी उपटून नवे बसवलेले असतात.

सुकवणं ही दुरुस्ती नाही. सुकवल्याने दोष फक्त लपतो, आणि सुकलेल्या बोर्डावर मोजायला काही उरतच नाही. बोर्ड बिघडलेला असतानाच, ओल्या हवेत, कॅबिनेटमधल्या त्याच जागेवर मोजायला हवा. त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि लॉजिक प्रोब (रेषेवर शून्य आहे की एक ते दिव्याने दाखवणारं साधन) एवढ्यावर किनाऱ्यावरच्या बहुतेक बोर्डांचं निदान होतं. पुढे कुठे अडलंच तर ईप्रॉम, म्हणजे गेमचा प्रोग्रॅम साठवणारा आयसी, वाचणारा प्रोग्रामर लागतो. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर उत्तमच, पण तो नाही म्हणून काम अडवून ठेवू नका.

दोष परत का येतो

खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण घरात येतात आणि बोर्डावरच्या धुळीत मुरतात. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढतं आणि त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं खडे मीठ पावसाळ्यात पाझरतं, तेच इथे आयसीच्या दोन पायांच्या मध्ये घडतं. खाऱ्या पाण्याचा हा पापुद्रा वीज वाहून नेतो. ड्रायर मारला की पाणी उडतं, मीठ मात्र जागच्या जागी राहतं. पुढच्या ओल्या रात्री ते पुन्हा पाणी ओढतं. म्हणून दोष परत येतो, आणि दर फेरीत तांब्याच्या रेषा नि सॉकेटच्या पात्या थोड्या आणखी खातो.

बोर्डावरच्या सगळ्या जागा या गळतीला सारख्या बळी पडत नाहीत. ७४एलएस मालिकेच्या, म्हणजे या बोर्डांवरच्या नेहमीच्या छोट्या लॉजिक आयसींचं, आउटपुट चांगलं दणकट असतं, थोड्या गळतीने ते हलत नाही. हलतात त्या अशक्त जागा: रीसेटची रेष (प्रोसेसरला पहिल्यापासून सुरू करायला लावणारी), क्रिस्टलच्या आजूबाजूचा भाग, आणि एखाद्या मोठ्या किमतीच्या रेझिस्टरने ५ व्होल्टला नुसत्या टांगून ठेवलेल्या रेषा. रीसेटचंच उदाहरण घ्या. १० किलोओहमच्या पुल-अपने, म्हणजे ५ व्होल्टला जोडलेल्या रेझिस्टरने, ती वर धरलेली आहे आणि ओल्या मिठातून ग्राउंडकडे ५ किलोओहमची गळती आहे, तर ढोबळ हिशेबाने त्या रेषेवर १.६७ व्होल्ट उरतात. टीटीएल आयसी (७४एलएस त्याच जातीचे) ०.८ व्होल्टच्या खालचं शून्य मानतो आणि २ व्होल्टच्या वरचं एक. १.६७ मधल्या धूसर पट्ट्यात पडतं. प्रोसेसर कधी चालेल, कधी थांबेल, सांगता येत नाही. आयसी सगळे शाबूत आणि बोर्ड वेडा, असा हा प्रकार असतो.

मीटर हातात घेण्याआधी एक प्रश्न

बोर्ड थंड असताना बिघडतो आणि तापल्यावर सुधारतो, की थंड असताना चालतो आणि तापल्यावर बिघडतो?

सकाळी अडतो, वीस मिनिटं चालू ठेवल्यावर आपोआप सुधारतो, असं असेल तर आधी ओल्या मिठाचा संशय घ्या. दुसरा संशय म्हाताऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर, कारण त्यांचा अंतर्गत रोध थंडपणी जास्त आणि तापल्यावर कमी असतो. याउलट पहिली वीस मिनिटं छान चालून नंतर कोसळत असेल तर सॉकेटमधला सैल संपर्क, तडकलेलं सोल्डर किंवा खरोखरच मरायला टेकलेला आयसी शोधायचा. कॅबिनेटवर बोटांनी टकटक केल्यावर पडदा बदलत असेल तर तो सरळ सरळ संपर्काचा दोष. एवढं विचारल्यानेच निम्मी वाट कळते. तरीही लोक हे न बघताच सोल्डरिंग गन तापवायला लावतात, याचं मला वाईट वाटतं. साठ-सत्तर आयसींचा, पस्तीस-चाळीस वर्षांचा बोर्ड आहे. त्याच्या रेषा पातळ झालेल्या असतात. एका चुकीच्या संशयापायी उपटलेला आयसी चार रेषा बरोबर घेऊन येतो, आणि मग मूळ दोषात नव्या चार दोषांची भर पडते.

मल्टिमीटर: वीज प्रोसेसरच्या पायावर मोजा

पॉवर सप्लायच्या स्क्रूवर ५ व्होल्ट आहेत म्हणजे बोर्डाला ५ व्होल्ट मिळतात असं नाही. ७४एलएस मालिकेला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात, आणि ते आयसीच्या पायावर लागतात. जुना बोर्ड सहज ३ अँपिअर ओढतो. सप्लायपासून बोर्डापर्यंतच्या वाटेत ०.१ ओहम एवढासा रोध आला तरी ०.३ व्होल्ट वाटेतच जातात.

म्हणून मीटरची काळी तार प्रोसेसरच्या ग्राउंडच्या पायावर आणि लाल तार ५ व्होल्टच्या पायावर ठेवा. झेड-८० (त्या काळचा नेहमीचा प्रोसेसर) असेल तर ग्राउंड २९ नंबरचा पाय, ५ व्होल्ट ११ नंबरचा. बोर्ड चालू, गेम लागलेला. इथे ५.०० ते ५.१० दिसायला हवेत. कमी दिसले तर लगेच सप्लायचा स्क्रू फिरवून वाढवू नका. वाटेतला रोध तसाच ठेवून व्होल्टेज वाढवलं की उष्णता त्या खराब जागेवरच निर्माण होते, आणि पुढे कधी संपर्क सुधारला तर आयसींवर एकदम जास्त व्होल्टेज येतं.

व्होल्ट कुठे हरवतात ते थेट मोजता येतं. लाल तार सप्लायच्या ५ व्होल्टच्या स्क्रूवर, काळी प्रोसेसरच्या ५ व्होल्टच्या पायावर. मीटर जे दाखवेल ते त्या वाटेत हरवलेलं व्होल्टेज. तसंच ग्राउंडच्या बाजूने सप्लायचा ग्राउंड ते प्रोसेसरचा ग्राउंड मोजा. प्रत्येक बाजूला ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ग्राउंडची बाजू बरेचजण मोजतच नाहीत, आणि दोष बहुधा तिथेच दडलेला सापडतो.

दोषाची नेहमीची जागा म्हणजे बोर्डाच्या कडेचा कनेक्टर. १९८५ पासून रूढ झालेल्या जॅमा पद्धतीत या कनेक्टरला ५६ संपर्क असतात, प्रत्येक बाजूला २८. त्यातले ५ व्होल्टचे फक्त चार: आयसींच्या बाजूचे ३ आणि ४, सोल्डरच्या बाजूचे सी आणि डी. ग्राउंडचे आठ, दोन्ही टोकांना चार-चार. चार संपर्कांतले दोन गंजले की सगळा प्रवाह उरलेल्या दोनांवर येतो, ते तापतात, काळवंडतात, त्यांचा रोध वाढतो, ते आणखी तापतात. बोर्डाच्या कडेला तपकिरी पडलेली पट्टी दिसली की समजायचं काय घडलं ते.

सप्लायच्या ५ व्होल्टवर किती लहर आहे हेही बघा. स्कोपवर ती १०० मिलिव्होल्टच्या आत असावी. स्कोप नसेल तर मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून ढोबळ अंदाज येतो. लहर मोठी दिसली तर स्विचिंग सप्लायचे कपॅसिटर बदला. ते स्वस्त आहेत. सारखी लाईट जाते-येते त्या भागात तेच आधी दमतात.

एका बोर्डाची गोष्ट

गुहागरकडच्या एका होमस्टेतून एका मुलाचा फोन आला. "काका, बोर्ड परत बंद पडला. ड्रायर मारू की उन्हात ठेवू?"

"ऊन आहे कुठे? आणि काहीच करू नको. आहे तसा राहू दे, मी येतो."

"पण गिऱ्हाईक आलंय हो."

"असू दे. सुकवलास तर मला काही सापडणार नाही."

पोचलो तेव्हा सप्लायवर ५.०५ होते आणि झेड-८० च्या पायावर ४.५८. पाहिलं तर ५ व्होल्टच्या वाटेत ०.३० जात होते आणि ग्राउंडच्या वाटेत ०.१७. कनेक्टर बदलला, बोर्डाची कड साफ केली, पायावर ५.०२ आले. कुणीही इथेच काम आटोपलं असतं, कारण गेम लगेच सुरू झाला. पण बोर्ड तोवर तापलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड कॅबिनेट चालू करून रीसेटची रेष मोजली, तर ती १.७ ते २.१ च्या दरम्यान हेलकावत होती. रीसेटच्या कपॅसिटरखाली फॅक्टरीत लावलेला तपकिरी गोंद होता. जुना झाल्यावर हा गोंद स्वतःच वीज वाहू लागतो, त्यात मीठ मुरलेलं, आणि खालची रेष हिरवी पडलेली. कपॅसिटर काढला, गोंद खरवडला, जागा धुतली, नवा कपॅसिटर बसवला. रीसेट ४.९ वर स्थिर झाली. दोष दोन होते, एकावर एक, आणि दुसरा फक्त थंड ओल्या सकाळीच दिसत होता. त्याआधी कुणीतरी या बोर्डाचे रॅमचे दोन आयसी बदलले होते. त्यांचा यात काहीच संबंध नव्हता.

लॉजिक प्रोब: रीसेट, घड्याळ, मग बस

प्रोब म्हणजे पेनाएवढी वस्तू. दोन चिमटे बोर्डाच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडला लावायचे, टोक आयसीच्या पायावर टेकवायचं. एक दिवा 'वर' सांगतो, दुसरा 'खाली', तिसरा 'स्पंदन'. एकही दिवा लागला नाही तर रेष तरंगते आहे. टीटीएल आणि सीमॉस (आयसींच्या दोन जाती) यांचं बटण टीटीएलवर ठेवा, नाहीतर दिवे फसवतात.

सगळ्यात आधी प्रोसेसरचा रीसेटचा पाय. झेड-८० चा २६ नंबर, ६८००० या दुसऱ्या प्रोसेसरचा १८ नंबर. इथे चार गोष्टी दिसू शकतात, आणि पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

रीसेट कायम खाली असेल तर प्रोसेसर उठलेलाच नाही. वीज आणि रीसेटचं सर्किट बघा, रॉम (प्रोग्रॅमचे आयसी, बहुधा ईप्रॉमच) आणि रॅम यांच्या नादी लागू नका.

रीसेट ठरावीक अंतराने, न चुकता, स्पंदन दाखवत असेल तर तो वॉचडॉग आहे. वॉचडॉग म्हणजे बोर्डावरचा एक मोजणारा आयसी. चालू प्रोग्रॅमने त्याला वेळेवर शून्य करत राहायचं असतं. तसं झालं नाही तर प्रोग्रॅम भरकटला असं धरून तो प्रोसेसरला रीसेट करतो. १९८० च्या पॅक-मॅनच्या बोर्डावर पडद्याच्या १६ फेऱ्या, म्हणजे सुमारे पाव सेकंद, एवढीच त्याची सवलत. असं नेमकं स्पंदन दिसलं तर वीज आणि रीसेट ठीक आहेत, आणि दोष रॉम, रॅम किंवा बसवर (त्यांना प्रोसेसरशी जोडणाऱ्या डेटाच्या आणि पत्त्याच्या रेषांवर) आहे.

रीसेट वेडीवाकडी, कधी दाट कधी विरळ स्पंदनं देत असेल, किंवा प्रोबचा एकही दिवा धड लागत नसेल, तर ते वॉचडॉगचं काम नव्हे. ती गळती किंवा डुगडुगणारी वीज. खारं हवामान इथे ओळखू येतं. प्रोब खाली ठेवून मीटरने त्या पायावरचे व्होल्ट बघा. ४.५ च्या वर स्थिर हवेत.

रीसेट कायम वर आणि पडदा तरीही कचरा दाखवतोय, तर घड्याळ, म्हणजे प्रोसेसरला ताल देणारी स्पंदनं, तपासा. झेड-८० चा ६ नंबरचा पाय. पॅक-मॅनवर १८.४३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला भागून इथे ३.०७२ मेगाहर्ट्झ येतात. प्रोबने स्पंदन दिसलं की पुरे. त्यानंतर १९, २१ आणि २७ नंबरचे पाय: स्मृती मागणं, वाचणं, आणि नवी आज्ञा उचलणं. तिन्हीवर हालचाल हवी. १८ नंबरचा हॉल्टचा पाय खाली बसलेला दिसला तर प्रोसेसरला प्रोग्रॅममध्ये नको ती आज्ञा मिळाली, म्हणजे बहुधा रॉम किंवा डेटाच्या रेषा.

मग डेटाच्या आणि पत्त्याच्या रेषा एकेक करून. सगळ्यांवर स्पंदन हवं. एखादी कायम वर, कायम खाली, किंवा तरंगती सापडली तर तिच्या वाटेवरचे बफर, म्हणजे संकेत पुढे पाठवणारे आयसी, बघा. ७४एलएस२४५, २४४, ३७३ हे त्यातले नेहमीचे. पण एक ध्यानात ठेवा: हे आयसी बंद अवस्थेत आउटपुट मुद्दाम सोडून देतात, त्यामुळे त्यांचं आउटपुट अधूनमधून तरंगताना दिसणं हा दोष नव्हे. त्यांचा 'चालू' करणारा पाय सक्रिय असतानाही आउटपुट तरंगत असेल तर मात्र आयसी गेला. साध्या गेटचं आउटपुट कधीच तरंगता कामा नये.

बोर्ड बंद असतानाही मीटर बसबद्दल बरंच सांगतो. डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल तार ग्राउंडला, काळी तार एकेका डेटाच्या पायाला. आठही रेषांवर जवळजवळ सारखा आकडा यायला हवा, साधारण ०.४ ते ०.७ च्या दरम्यान. सातांवर ०.५५ आणि आठव्यावर ०.१२ आला, तर त्या रेषेवर काहीतरी ग्राउंडकडे बसलंय. स्कीमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, हाताशी नसताना मला या एका युक्तीचा सगळ्यात जास्त आधार वाटतो.

ईप्रॉम: दोनदा वाचा

नेमकं स्पंदन देणारा वॉचडॉग सापडला की रॉम काढून प्रोग्रामरमध्ये वाचायचे. २७१६ मध्ये २ किलोबाइट असतात, २७३२ मध्ये ४, २७६४ मध्ये ८, पुढे असेच दुपटीने. काढण्याआधी फोटो काढा, आणि खाच कुठल्या दिशेला आहे ते टिपून ठेवा. उलटा बसवलेला ईप्रॉम क्षणात जळतो.

एकच रॉम दोनदा वाचा. दोन वाचनं वेगळी आली तर एक तर पाय मळलेत किंवा आतले बिट अशक्त झालेत. पाय साफ करून परत वाचा. जुन्या काही आयसींच्या पायांना चांदीचा मुलामा असतो. तो काळा पडतो आणि संपर्क अडवतो. हे पाय जपून हाताळा, ते मोडतात.

वाचलेली फाइल १९९७ पासून तयार होत आलेल्या मेम प्रकल्पाच्या (जुने आर्केड गेम संगणकावर चालवणाऱ्या) नोंदींशी ताडता येते. तिथे प्रत्येक रॉमची सीआरसी किंमत, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, असते. पण आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमधले बरेचसे बोर्ड नकला होते. त्यांचं सीआरसी मूळ बोर्डाशी जुळलं नाही म्हणून रॉम खराब ठरत नाही. अशा वेळी फाइलच्या आत बघा. सगळं एफएफ (म्हणजे सगळे बिट एक) असेल तर रॉम पुसला गेला किंवा वाचलाच गेला नाही. पहिला अर्धा भाग आणि दुसरा अर्धा भाग हुबेहूब सारखे असतील तर पत्त्याची एक रेष आत तुटल्याचा संशय घ्या. ६८००० च्या बोर्डावर रॉम जोडीने असतात, सम आणि विषम. जोडीतला एकच वाचून निष्कर्ष काढू नका.

ईप्रॉमच्या काचेवरचा कागद दमट हवेत सुटून पडतो. उघडी काच थेट उन्हात आठवडाभर राहिली तर मजकूर पुसला जाऊ शकतो. बोर्ड उन्हात सुकवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. काळी चिकटपट्टी लावा.

रॅम आणि मोठी यंत्रं

रॅमबद्दल थोडक्यात. पार्श्वभूमीत चुकीची अक्षरं येत असतील तर पडद्याची रॅम, आकृती बरोबर पण रंग चुकीचे तर रंगांची रॅम किंवा प्रॉम (एकदाच लिहिता येणारा रॉम). चांगली रॅम संशयित रॅमच्या पाठीवर बसवून बघायची पद्धत आहे. पण ती फक्त खालच्या आयसीचं आउटपुट तरंगत असेल तरच काम देते. ते एका पातळीवर अडकलं असेल तर काही कळत नाही, उलट वरचा आयसीही ताणला जातो.

बोर्डाची स्वतःची चाचणी असते, तिच्यावर अवलंबून राहू नका. ती चालवायला प्रोसेसर, रॉम आणि रॅम आधी शाबूत लागतात. म्हणूनच १९८० च्या दशकात फ्लूक ९०१०ए सारखी यंत्रं आली: प्रोसेसर काढून त्याच्या सॉकेटमध्ये यंत्राची केबल लावायची, आणि यंत्र स्वतः बस, रॅम, रॉम तपासून कुठली रेष अडलीय ते सांगतं. इकडे ते यंत्र कुठून मिळणार? पण आठ बिटच्या बोर्डांसाठी आर्डुइनो मेगा (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि ४० पायांची केबल वापरून तेच तत्त्व घरी उभं करता येतं, आणि ज्याला दोन-चार बोर्ड नियमित सांभाळायचेत त्याने ते करावंच. आयसी हवे असतील तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच.

मीठ धुऊन काढायचं

निदान झालं, आकडे लिहून घेतले, की मग बोर्ड धुवायचा. आधी सॉकेटमधले सगळे आयसी काढा. बोर्डावर बॅटरी असेल तर थांबा आणि चौकशी करा. साधी निकेल-कॅडमियम बॅटरी काढून टाकायलाच हवी. तिची गळती अल्कलीची असते, ती जागा व्हिनेगरने पुसून मग धुवावी. पण कॅपकॉमच्या सीपीएस-२ सारख्या काही बोर्डांवर बॅटरीच्या जोरावर प्रोग्रॅमचं कूट उलगडणारी किल्ली साठवलेली असते. ती बॅटरी सुटली की किल्ली पुसली जाते आणि गेम गप्प होतो. अशा बोर्डाला पाणी लावू नका, अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा.

बाकी बोर्डांना डिस्टिल्ड वॉटर, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश. विहिरीचं पाणी नको. किनाऱ्याजवळच्या विहिरींना खारटपणा असतो, मग मिठाने मीठ धुतल्यासारखं होईल. साबण पूर्ण जाईपर्यंत डिस्टिल्ड पाण्यानेच खळखळून घ्या, शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. पाणी लपायच्या जागा म्हणजे डिप स्विच (सेटिंगचे छोटे खटके), आवाजाचा फिरता रेझिस्टर आणि सॉकेटांचं पोट. बोर्ड उभा ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर पुरता दिवसभर वाळू द्या.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात आलेल्या पुरासारखा प्रसंग असेल तर नियम एकच: गाळ वाळायच्या आधी धुवा, आणि तोवर वीज लावू नका.

कडेच्या संपर्कांना पांढरं खोडरबर आणि अल्कोहोल पुरतं. पॉलिश पेपर घासला तर मुलामा जाऊन तांबं उघडं पडतं, आणि इथल्या हवेत उघडं तांबं फार दिवस टिकत नाही. कनेक्टर बदलायचाच असतो, तो साफ करत बसू नये. एका पातीचे जुने सॉकेट असतील तर त्यांच्या जागी गोल खाचेचे, मशीन केलेले बसवा. सॉकेट खराब आहे की नाही ते आयसी बसलेला असतानाच मोजा: आयसीच्या पायाच्या वरच्या खांद्यापासून बोर्डाच्या मागच्या सोल्डरपर्यंत १ ओहमच्या आत यायला हवं, आणि आयसी हलवला तरी तो आकडा हलता कामा नये. संपर्कांवर तेलकट स्प्रे मारायची सवय सोडा, त्यावर खारी धूळ आणखी चिकटते.

अ‍ॅक्रिलिकचा थर मारावा का, असं बरेचजण विचारतात. धुतल्यानंतर, सॉकेट आणि कड झाकून, मारायला हरकत नाही. न धुता मारलात तर मीठ आत कोंडून ठेवलंत.

कॅबिनेटमध्ये थोडी ऊब

किनाऱ्यावर कपाटात बुरशी लागू नये म्हणून पिवळा बल्ब लावून ठेवतात. तीच युक्ती इथे चालते, आणि तिच्यामागे साधा हिशेब आहे. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना कॅबिनेटमधली हवा ३३ अंशांपर्यंत नेली, तर आतली सापेक्ष आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे साध्या मिठाच्या ७५ च्या खाली. १५ वॅटचा तारेचा बल्ब लहान कॅबिनेटला पुरतो. एलईडी नको, त्याची उष्णता पुरत नाही. बल्ब प्लायवूडपासून आणि तारांपासून लांब, जाळीत बसवा. वरून प्लॅस्टिक गुंडाळून ठेवू नका, ओल आतच कोंडते. मॅग्नेशियमचं मीठ एवढ्या उबेला दाद देत नाही, त्यामुळे बल्ब हा धुण्याला पर्याय नाही. तो धुतल्यानंतरचा उपाय आहे.

पिक्चर ट्यूबचा मॉनिटर असेल तर आणखी एक. ओल्या हवेत फ्लायबॅकजवळून (ट्यूबला उच्च व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळून) सूं आवाज येत असेल तर बंद करा, आणि उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालताना एक हात खिशात ठेवा. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि लाईट बंद केल्यावरही काही काळ राहतात.

दुरुस्ती पक्की झाली का, हे दुपारी तापलेल्या बोर्डावर ठरवू नका. रात्रभर कॅबिनेट बंद ठेवा, पाऊस असेल तर उत्तमच, आणि पहाटे बल्बही न लावता थंड अवस्थेत चालू करून पहिल्या मिनिटात तीन आकडे घ्या: प्रोसेसरच्या पायावरचे व्होल्ट, दोन्ही वाटांतली घट आणि रीसेटचे व्होल्ट. ते तारखेसह कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहा. पुढच्या आगोटीला पहिली तक्रार आली की आधी हेच तीन आकडे पुन्हा मोजा आणि ताडून बघा. घट वाढलेली असेल तर कनेक्टर, रीसेट उतरलेली असेल तर गळती, आणि तिन्ही तसेच असतील तरच रॉम काढायला घ्या.